बावीस हजार दिसतात, एकोणीस दिसत नाहीत

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी येत्या मार्चअखेर, वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतोय. पत्नी ५७ वर्षांची आहे. कल्याणला स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज फिटलंय. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. आमचं मूळ गाव तुमच्याच संगमेश्वर तालुक्यात. तिथलं वडिलोपार्जित कौलारू घर दुरुस्त करून दोघांनी कायमचं गावी जायचं घाटतंय. कल्याणला आम्हाला महिन्याला ४६ हजार लागतात. गावचा चुलतभाऊ म्हणतो, 'इथे १५ हजारांत राजासारखा राहशील.' फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ५२ लाख हातात येतील, शिवाय कामगार निवृत्तिवेतन ५,४०० रुपये मिळतं. गावी खरे किती लागतील याचा अंदाज कसा काढायचा? फ्लॅट विकून टाकावा का?
— र. म., कल्याण

उत्तर : तुमचा चुलतभाऊ खोटं बोलत नाही. त्याचं १५ हजारांत भागत असणारच. पण त्याचा भात घरचा, कुळीथ-पावटा घरचा, सरपण बागेतलं, दूध गोठ्यातलं. पावसाळ्याआधी घरावर चढून कौलं तोच परततो, विहिरीचा पंप तोच उघडतो. वहिनी शेतात राबतात त्याची मजुरी कुठल्या वहीत लिहिलेली नसते. हे सगळं तुम्ही रोख पैसे देऊन घेणार आहात. त्याच्या १५ हजारांत यातलं एक पैही नाही.

मी हे एवढ्या खात्रीने सांगते, कारण याच चुकीत मी स्वतः पडले होते, आणि तेही जन्मभर एका सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात खतावण्या जुळवून. नऊ वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीहून देवरुखला आलो. निघण्याआधी एका संध्याकाळी मी आणि ह्यांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर अंदाज मांडला. किराणा इतका, दूध इतकं, वीज इतकी. बेरीज आली १८ हजार. ह्यांनी वर दोन हजार 'किरकोळ' म्हणून धरले आणि आम्ही निर्धास्त झोपलो. ती पत्रिका अजून माझ्या वहीत आहे. बेरीज बरोबर होती, पण अर्ध्या बाबी त्या कागदावर आल्याच नव्हत्या.

गेल्या वर्षीचा रोजमेळ समोर ठेवूनच सांगते. आम्ही दोघं, घर स्वतःचं, भाडं नाही. दर महिन्याचा ठरलेला खर्च असा : किराणा ५,५००, दूध १,८००, भाजी-फळं-मासळी ४,५००, गॅस ९००, वीज सरासरी १,२००, मोबाइल आणि इंटरनेट १,१००, रोजची औषधं २,८००, धुण्या-भांड्याला येणारी मावशी २,०००, पेट्रोल २,२००. एकूण २२,०००. कुणी विचारलं की आम्हीही हाच आकडा सांगतो आणि समोरचा खूश होऊन मुंबईला परत जातो.

आता जे महिन्याच्या महिन्याला दिसत नाही ते. दोघांचा आरोग्य विमा ६२,०००. आगोट (म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी) आणि घराची डागडुजी २४,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १९,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ४,०००. मुंबईच्या फेऱ्या १८,०००. पाहुणे २७,०००. बाग १६,०००. लग्नकार्यं, देवळाची वर्गणी, आहेर १४,०००. कोल्हापूरचा दवाखाना २३,०००. इन्व्हर्टरची बॅटरी आणि पंप २१,०००. यांची बेरीज २,२८,०००, म्हणजे महिन्याला १९,०००. तर आमचं खरं राहणीमान ४१ हजारांचं आहे, २२ चं नव्हे.

तुम्ही म्हणाल, बॅटरी काय दरवर्षी बदलते का? नाही बदलत. त्याआधीच्या वर्षी न्हाणीघराच्या मागची भिंत ओल धरून बसली होती, त्याच्या आधी वाळवीने माळ्याचा एक वासा खाल्ला. नऊ वर्षांत एकही वर्ष असं गेलं नाही की 'यंदा काही निघालं नाही'. दरवर्षी काहीतरी निघतं, फक्त नाव बदलतं. म्हणून मी त्या रकान्याला नाव न देता 'निघालेलं' एवढंच लिहिते.

कोल्हापूरची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या अंदाजात तिला जागा नसणार. गेल्या जुलैत रात्री साडेअकराला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम आलेला, डावा खांदा धरून बसलेले. इथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले, मला शंका वाटते, थांबू नका. शेजारच्या मुलाने गाडी काढली. साखरपा मागे टाकून आंबा घाटात शिरलो तर धुक्यात समोरचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना. तो पोरगा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता आणि मी मागे बसून, अगदी खरं सांगते, हिशेब करत होते : दरड आली असेल तर परत फिरून रत्नागिरी किती वेळ? माणूस घाबरला की ज्याला जे येतं तेच करतो. पहाटे तीनला पोचलो. सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर पित्त. संध्याकाळी खाल्लेली फणसाची भाजी. अठरा तासांत घरी सोडलं, म्हणून ते विम्यात बसलं नाही. गाडी, तपासण्या, माझी लॉजची खोली आणि महिन्याभराने पुन्हा दाखवायला गेलो तो दिवस, सगळं मिळून २३ हजार. कल्याणला हेच दुखणं रिक्षाने जाऊन काही हजारांत आटोपलं असतं. गावी डॉक्टरांची फी कमी असते, पण डॉक्टरांपर्यंत पोचायची किंमत निराळी द्यावी लागते. तुमच्या गावापासून रात्री दोन वाजता हृदयाचा डॉक्टर किती तासांवर आहे, हे आधी बघा. मग भाजीचे भाव विचारा.

भाजीच्या भावांविषयीही एक भ्रम असतो. आपल्याकडे पावसाळ्यात काकड्या, पडवळ, भोपळे परसात होतात ते खरं. पण बाजारातली टोमॅटो-कोबी-फ्लॉवर घाटावरून येते, तीच तुमच्या कल्याणलाही येते. घाट चढ-उतर करून आलेली भाजी आम्हाला स्वस्त का मिळावी? मासळी ताजी मिळते. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मेमध्येच सोडे, सुकट, बोंबील भरून ठेवावे लागतात. आगोट म्हणतात ती हीच. तांदूळ, डाळी, मसाला, पापड-कुरडया, गॅसची जादा टाकी, पडवीला लावायचं प्लॅस्टिक, पन्हळी, कौलं परतणाऱ्या दोन गड्यांची तीन दिवसांची मजुरी. किराण्यातलं सामान धरून मे महिन्याच्या एका पंधरवड्यात आमचे पंचवीस-तीस हजार जातात. पहिल्या वर्षी मी हे पाहून हादरले होते.

नारळ, आंबे, काजू फुकट मिळतात असंही लोक हक्काने सांगतात. आमची सहा माडं आहेत. पाडायला माणूस आणला की झाडामागे शंभर रुपये. कोवळे नारळ माकडं आमच्याआधी उतरवतात, ती मात्र मजुरी मागत नाहीत. ऑक्टोबरात रान कापून घ्यायला दोन दिवस दोन गडी लागतात, नाहीतर साप पायरीवर येऊन बसतो. १६ हजार बागेला घालून आम्ही वर्षाला फार तर नऊ-दहा हजारांचं खातो. तरी मी बाग मोडणार नाही, तो विषय हिशेबाबाहेरचा आहे.

आता तुमचा अंदाज कसा काढायचा ते. एका महिन्याचा खर्च काढून त्याला बाराने गुणू नका. बारा पानांची वही करा, पानावर महिन्याचं नाव घाला आणि त्या महिन्यात गावी काय घडतं ते लिहा. मेमध्ये आगोट आणि पाहुणे. जुलैत वीज जाते, तर बॅटरी. भाद्रपदात गणपती, म्हणजे चुलत्यांची सगळी पोरं तुमच्याच घरी. विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात येतो? शिमग्याला पालखी घरी आली की काय द्यायचं असतं? हे चुलतभावाला विचारू नका, त्याला ते खर्च वाटतच नाहीत. तालुक्यात मुंबईहून येऊन राहिलेली निवृत्त जोडपी सापडतात, त्यांच्याकडे एक दुपार चहाला जा आणि बाईंना विचारा. पुरुष २२ हजारच सांगतात.

मग कल्याणच्या ४६ हजारांचीही अशीच झडती घ्या. मला शंका आहे, तुम्ही ते महिन्याच्या पैसे काढण्यावरून धरलेत आणि विम्याचा हप्ता, सोसायटीची वार्षिक रंगरंगोटी, बंगळूरची तिकिटं त्यात नाहीत. तसं असेल तर तुमचं कल्याणचं खरं राहणं ५५ हजारांच्या पुढे जाईल. म्हणजे गावी जाऊन बचत होईल, पण ती साधारण चौथा हिस्सा. तुम्ही मनात दोन तृतीयांश धरून बसलायत. काही खर्च जागचे हलतच नाहीत : औषधं, विमा, मोबाइल, गॅस. काही खाली येतात : सोसायटीचा देखभाल खर्च, हॉटेल, रिक्षा, कपडे. आणि काही नव्याने उगवतात, त्यांचं वर पुरेसं सांगितलं.

विम्यावरून आठवलं. पत्ता गावचा केला की हप्ता कमी होतो, असं मला एका एजंटाने सुचवलं होतं. पुष्कळ पॉलिसींमध्ये शहरांचे गट असतात हे खरं आहे. पण त्यातल्या बऱ्याच पॉलिसींत गावच्या गटाचा हप्ता भरून मुंबईत उपचार घेतले, तर बिलाचा काही टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो. मोठं दुखणं आलं तर तुम्ही मुंबईलाच जाणार. पॉलिसीतलं ते कलम भिंग घेऊन वाचा आणि मगच पत्ता बदला.

आता जमेची बाजू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. आजच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० येतात, महिन्याला २०,५००. पत्नींची साठी व्हायची आहे, त्यामुळे त्यांच्या नावे स्वतंत्र खातं आत्ता निघणार नाही. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या संयुक्त नावे १५ लाख ठेवलेत तर ७.४ टक्क्यांनी ९,२५०. निवृत्तिवेतन ५,४००. झाले ३५,१५०. उरलेले सात लाख बँकेत, हात लावायचा नाही अशा ठेवीत. आमच्यासारखं राहिलात तर ४१ हजार लागतील, म्हणजे महिन्याला सहा हजारांची तूट पहिल्याच वर्षी. शिवाय व्याज जिथल्या तिथे राहतं आणि भाव चढत जातात. महागाई ६ टक्के धरली तर आजचे ४१ हजार बारा वर्षांनी ८२,५०० होतात. तेव्हा तुम्ही ७२ चे असाल, पत्नी ६९ च्या.

म्हणून फ्लॅट विकू नका. निदान दोन पावसाळे तरी नाही. भाड्याने द्या. त्या भाड्यातून तूट भरून निघेल, आणि गाव मानवलं नाही, किंवा दोघांपैकी एकाला डायलिसिससारखं काही लागलं, तर परतायला दार राहील. एकदा विकून गेलेला माणूस त्याच भागात पुन्हा घर घेऊ शकत नाही, हे मी आमच्याच ओळखीत दोनदा पाहिलंय.

घरदुरुस्तीला किती घालणार ते तुम्ही लिहिलं नाहीत. किती का असेनात, पहिली वीट हलवायच्या आधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा आणि तलाठ्याकडून जमिनीचा सातबारा काढा. वडिलोपार्जित म्हणताय, म्हणजे त्यावर पाच-सहा नावं असणार, आणि त्यातली दोन हयात नसणार. वाटणी कागदावर येईपर्यंत कौलं बदला, संडास-बाथरूम करा, त्यापलीकडे पैसे ओतू नका. चुलतभाऊ आज गोड आहे. उद्या त्याची मुलं असतील.

आणि एक : येत्या जुलैत पंधरा दिवस दोघं तिथे जाऊन राहा. मेमध्ये सगळेच जातात.

प्रश्न : ताई, आमच्या ह्यांनी कोकणात जाऊन राहायचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये मांडलाय. पैशांचं गणित जुळतं. पण त्यात माझं काम कुठल्या रकान्यात आहे, असं विचारलं तर सगळे हसले. इथे पोळीवाली आहे, डबा मागवता येतो. तिथे काय?
— स. ज., ठाणे

उत्तर : हसू दे त्यांना, तुमचा प्रश्न हिशेबाचाच आहे.

पहिल्या मे महिन्यात मी पाहुणे मोजणं सोडून ताटं मोजली. आमची दोघांची सोडून ३१ दिवसांत २१४ ताटं झाली. माणसं प्रेमाने येतात, आंब्याच्या पेट्या घेऊन जातात, 'काय मज्जा आहे तुमची' म्हणतात. २१४ ताटांचं सामान वहीत चढलं होतं, राबणं चढलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी ह्यांच्यासमोर वही ठेवली आणि म्हटलं, मेमध्ये स्वयंपाकाला बाई ठेवायची, सहा हजार रुपये. वर मी पाहुण्यांचे जे २७ हजार लिहिलेत त्यात हे सहा आहेत. पोळीवाली गावात शोधून मिळते, डबाही तालुक्याच्या ठिकाणी मिळतो. पण हे तुम्हाला मिळवावं लागतं आणि आधीच धरावं लागतं. एक्सेलमध्ये एक ओळ वाढवा : 'स्वयंपाकाची मदत, महिन्याला अमुक'. ती ओळ घातल्यावर गणित जुळत नसेल, तर ते आधीही जुळत नव्हतं. तुम्ही फुकट काम करणार म्हणून जुळलेलं दिसत होतं.

वाचनालय, भजनी मंडळ, मैत्रीण हे मिळतं का तेही जुलैच्या मुक्कामात बघून घ्या. मला पहिली दोन वर्षं फार कठीण गेली. तिसऱ्या वर्षी वाचनालयाचे हिशेब तपासायला बोलावलं, आणि मी रुळले.

प्रश्न : ज्येष्ठांना एसटी फुकट, उपचार फुकट. मग गावी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना खर्च येतोच कशाचा? (वय ७६, तक्रार नाही, कुतूहल आहे.)
— भा. ग., सोलापूर

उत्तर : तुम्हाला एसटी फुकट आहे, आम्हाला अजून नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. पण एसटी जिथे जाते तिथेच ती फुकट असते. रात्रीच्या आंबा घाटात आम्हाला गाडीच करावी लागली. मुंबईला आम्ही संगमेश्वरहून रेल्वेने जातो, आणि रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती अजून परत दिलेली नाही. आधी पुरुषांना ४० टक्के सूट होती, बायकांना ५०.

उपचारांचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. खासगी विमा असला तरी घेता येतं. ह्यांचं वय ७१, आम्ही कार्ड काढून आणलं. तुम्ही काढलं नसेल तर काढून घ्या. पण ते योजनेतल्याच रुग्णालयात आणि दाखल झाल्यावरच कामाला येतं. रोजची गोळी, चष्मा, दात, पित्ताची रात्र हे सगळं खिशातून. म्हणून आम्ही विम्याचे ६२ हजारही भरतो. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये उठला, तेवढाच दिलासा.

बाकी एसटीत सध्या आम्ही दोघं मिळून एका तिकिटात जातो. ह्यांना पंचाहत्तरीला अजून चार वर्षं आहेत, पण त्या मोफत प्रवासाला कार्ड कुठलं लागतं याची चौकशी त्यांनी डेपोत दोनदा करून झाली आहे.